डावीकडच्या शून्याची किंमत

हल्ली बचत गटाचं दप्तर नुसतं पत्र्याच्या पेटीत राहत नाही. सभा झाली की वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो निघतो आणि गुगल ड्राइव्हसारख्या ऑनलाइन कपाटात जाऊन बसतो. घरच्यांचे तपासणीचे रिपोर्ट, मुलांच्या मार्कशीट, सगळं तिथंच. चांगलंच आहे. पण मैत्रिणींनो, कपाट भरलं म्हणजे ते लागलं असं नाही!

समजा, सासूबाईंच्या साखरेचे बारा रिपोर्ट तुम्ही ‘रिपोर्ट १’, ‘रिपोर्ट २’ अशा नावांनी ठेवलेत. काही ठिकाणी यादी दिसते ती अशी : १, १०, ११, १२, २, ३... आणि सगळ्यात खाली ९! शेवटचा तोच ताजा, असं समजून घाईघाईत नववाच डॉक्टरांपुढे धरला तर? गोळी कमी-जास्त व्हायची ती जुन्या आकड्यावरून.

असं का होतं? शब्दकोश आठवा. ‘करवंद’ कितीही लांबलचक असलं तरी ते ‘खण’च्या आधीच येतं, कारण आधी पहिलं अक्षर बघायचं. काही यंत्रणा आकड्यांनाही अक्षरंच समजतात. १० मधलं पहिलं अक्षर १, म्हणून तो २ च्या आधी. विंडोजच्या संगणकांवर २००१ च्या एक्सपीपासून २ नंतर १० असा आपल्या सवयीचा क्रम लागतो. ॲमेझॉनच्या ‘एस थ्री’ साठवणीत मात्र यादी अक्षरांच्याच हिशेबाने येते. म्हणजे एकीकडे नीट दिसलेलं दुसरीकडे विस्कटू शकतं.

उपाय अगदी सोपा आहे. आकड्याआधी शून्य लावा : ०१, ०२, ... १०. मग कुठेही उघडा, क्रम तोच. शून्यं किती लावायची, याचा हिशेब आधीच करावा. आठवड्याला सभा घेणाऱ्या गटाच्या वर्षाला ५२ सभा होतात, म्हणजे दुसऱ्याच वर्षी शंभरी ओलांडली जाते. तिथं ००१ पासूनच सुरुवात हवी.

तारीख घालायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस : २०२५-०३-०८. ‘०८-०३-२०२५’ असं लिहिलं तर सगळ्या वर्षांतल्या आठ तारखा एका ठिकाणी गोळा होतात. वर्ष आधी लिहायची ही पद्धत आयएसओ या जागतिक संस्थेने १९८८ मध्येच ठरवून दिली आहे.

कुणी म्हणेल, यादी तारखेप्रमाणे लावता येतेच की! येते, पण ती बहुधा फाइल टाकल्याची किंवा बदलल्याची तारीख असते. दोन वर्षांपूर्वीचा कागद आज चढवला, तर तोच सगळ्यात नवा ठरतो.

आणखी एक. नावात मराठी आकडे वापरा नाहीतर इंग्रजी, पण सरमिसळ नको. यंत्रणेच्या लेखी ती वेगळी चिन्हं असतात, त्यामुळे काही ठिकाणी एकाच वहीच्या दोन टोळ्या होतात.

गटाच्या पंचसूत्रीत ‘हिशेबाच्या वह्या अद्ययावत ठेवणे’ हे एक सूत्र आहेच. कर्जाच्या वेळी बँकेचे साहेब मागच्या सहा महिन्यांच्या सभा मागतात, तेव्हा त्या ओळीने निघाल्या की गटाची शिस्त आपोआप दिसते. जुन्या फाइलींची नावंही बदलता येतात. दुपारी जरा निवांत बसून दहा-दहा करत उरका. शाळेत आपण शिकलो, डावीकडच्या शून्याला किंमत नसते. इथं मात्र सगळी किंमत त्यालाच आहे बरं का!