ज्याचा हात रिकामा, त्याची छत्री

पर्जन्यमापकाच्या नोंदी चाळीत बसणे हा रविवारच्या सकाळचा उद्योग नव्हे. तथापि नाशिक जिल्ह्याच्या नोंदी मात्र एकदा अवश्य पाहाव्यात. इगतपुरीस वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक पडणारा पाऊस तेथून जेमतेम ४५ किलोमीटरांवरच्या नाशिक शहरात येईतो ७०० च्या आसपास उतरतो आणि पुढे येवल्याच्या अंगास ५०० च्या घरात जाऊन थांबतो. एकाच कलेक्टराच्या अंमलाखाली एवढी तफावत नांदते. नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीस थडकून वर चढतात, चढताना थंडावतात आणि आपल्याजवळचे पाणी घाटमाथ्यावरच रिते करतात. पूर्वेकडल्या तालुक्यांच्या वाट्यास उरलेसुरले येते. या तफावतीमुळे पश्चिमेस भात आणि पूर्वेस बाजरी पिकते हे भूगोलाच्या पुस्तकात असतेच, पण तिच्यामुळे माणसांचा पावसाळी पोशाख किती पालटतो याचा उल्लेख त्यात सापडत नाही.

वस्तुतः पावसाळी पोशाख दोन गोष्टींवरून ठरतो: पाऊस कसा पडतो आणि त्या पावसात माणसाला काय करावे लागते. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत आषाढात भाताची आवणी निघते, तेव्हा गुडघाभर चिखलात उभे राहून, कमरेत वाकून, डाव्या हातातल्या जुडीतली रोपे उजव्या हाताने खोचीत दिवसभर मागे मागे सरकावे लागते, आणि वर आभाळ तर क्षणभर उघडत नाही. या कामाला छत्री सर्वस्वी निरुपयोगी आहे, कारण ती धरायला तिसरा हात कोणापाशीच नसतो. म्हणून तेथील महादेव कोळी, ठाकर, कोकणा आदी समाजांनी इरले निर्माण केले. बांबूच्या पातळ कामट्यांची जाळीदार वीण दुहेरी करायची, दोन विणींच्या मध्ये पळसाची किंवा सागाची पाने कौलांप्रमाणे एकावर एक चढवायची आणि कडा वळवून बांधून टाकायच्या, की डोक्यापासून थेट कमरेच्या खालपर्यंत पाठ झाकणारे पन्हळीच्या आकाराचे आच्छादन तयार होते. उभ्या माणसाने ते चढविले तर ओबडधोबड दिसते. तोच माणूस वाकला की त्याच्या पाठीवर ते असे चपखल बसते की पाणी दोन्ही बाजूंनी निथळून जाते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. सामान्य पोशाख उभ्या देहासाठी बेतलेले असतात. वाकलेल्या देहासाठी मुद्दाम बेतलेली अशी वस्तू माझ्या पाहण्यात दुसरी नाही. आता पानांची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे, कारण पाने दर हंगामात नवी घालावी लागतात. मात्र कामट्यांचा सांगाडा पुष्कळ ठिकाणी अद्याप तोच आहे.

घाटमाथा मागे टाकून पूर्वेकडे सिन्नर-येवल्याच्या माळावर आलो की पावसाची जात बदलते. येथे झड लागत नाही. एखादी सर येते, जाते, मग दोन दिवस नुसता गार वारा सुटतो. मेंढरांना फार पाऊस मानवत नाही म्हणून धनगर पावसाळा अशाच कमी पावसाच्या मुलखात काढतो, आणि त्याच्या अंगावर असते ती घोंगडी. तिच्या एका टोकाचे दोन कोपरे एकत्र आणून खोळ केली की डोके, पाठ आणि खांदे झाकले जातात. लोकरीच्या धाग्यावर निसर्गतःच एक मेणचट स्निग्धांश असतो, त्यामुळे हलकी सर वरच्या वर ओघळते; शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. सनगर विणकर ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात, तिने घोंगडीला ताठपणा येतो आणि खोळ डोक्यावर उभी राहते. अर्थात हीच घोंगडी इगतपुरीच्या संततधारेत नेली तर दोन घटकांत एवढी जड होईल की माणसाने तिला वाहावे की तिने माणसाला झाकावे हा प्रश्न पडेल.

छत्रीचे प्रकरण निराळे. ती मुळात पावसाची वस्तूच नव्हे. ती मानाची आणि उन्हाची वस्तू. राज्याभिषेक झाला की राजा छत्रपती होतो, दरबारातून सरदारास अब्दागिरीचा मान मिळतो, ब्रह्मचाऱ्यास स्मृतिकार छत्र आणि पादत्राण वर्ज्य सांगतात आणि सोडमुंजीच्या वेळी त्याच दोन वस्तू त्याच्या हाती व पायी देतात. ज्यांना मान नाही त्यांना छत्री नाही, ही त्या व्यवस्थेची दुसरी बाजू. त्रावणकोरात कनिष्ठ मानलेल्या जातींना छत्री धरण्याचीच मनाई होती, मग पाऊस कितीही पडो. विलायतेतही प्रारंभी छत्री हा बायकी नखरा समजला जाई. अठराव्या शतकाच्या मध्यास जोनास हॅनवे नावाचा गृहस्थ लंडनच्या रस्त्यांतून छत्री घेऊन हिंडू लागला, तेव्हा लोकांनी त्याची यथेच्छ टवाळी केली. त्या काळच्या छत्रीच्या काड्या देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्ट्यांच्या असत, म्हणजे जड आणि महाग; १८५२ साली सॅम्युएल फॉक्सने खोबणीदार पोलादी काड्यांची रचना केली तेव्हा कुठे छत्री हलकी झाली आणि सामान्य खिशास परवडू लागली. मुंबईत इब्राहिम करीम यांची पेढी १८६० मध्ये निघाली, आणि तिच्या हरणछाप ‘स्टॅग’ छत्र्या पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालल्या.

ही काळी छत्री उचलली ती प्रामुख्याने मामलेदार कचेरीतला कारकून, शाळामास्तर आणि वकील यांनी. त्यांचे काम छपराखालचे. पावसाशी त्यांची गाठ घर आणि कचेरी यांच्या दरम्यान चालताना तेवढी पडे, एका काखेत दप्तर असले तरी दुसरा हात रिकामा असे, आणि नाशिकच्या रिपरिप पावसाला छत्री पुरेशीही होती. म्हणून मी म्हणतो की छत्री हे रिकाम्या हाताच्या माणसाचे साधन आहे. यात तिची निंदा नाही. फक्त तिच्याकडून भलत्या अपेक्षा करू नयेत. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात ती उलटते, यात दोष छत्रीचा नसून ती तेथे नेणाराचा.

छत्री समजून घ्यायची तर ती दुरुस्त करणाऱ्यासमोर थोडा वेळ उभे राहावे. मृग तोंडावर आला की नाशिकच्या मेन रोडच्या आसपास, एखाद्या बंद फळीच्या कडेला, जुन्या छत्र्यांचे सांगाडे पसरून हे कारागीर बसलेले दिसतात. गिऱ्हाईक म्हणते, ‘काडी मोडली’. कारागीर छत्री उघडून आधी माथ्याकडे पाहतो. तेथे खाचा पाडलेली एक चकती असते, तिच्यात सगळ्या काड्यांची टोके एका बारीक तारेने ओवलेली असतात, आणि पुष्कळदा काडी मोडलेली नसून ती तारच गंजून तुटलेली असते. काडी खरोखर मोडते ती बहुधा आधारकाडी जिथे रिबिटीने जोडलेली असते त्या सांध्याशी. मग तो मेलेल्या छत्रीतली मापाची काडी काढून बसवितो, टोकाच्या छिद्रातून दोरा घेऊन कापडाचा कोपरा शिवतो आणि दोन-तीनदा उघडमीट करून परत देतो. गंज चढतो तो ओली छत्री मिटून कोपऱ्यात उभी केल्याने. अर्धवट उघडून सावलीत वाळविली तर ती कितीतरी वर्षे टिकते. तीन घड्यांची छत्री पिशवीत मावते हे खरे, पण तिला सांधे अधिक आणि प्रत्येक सांधा मोडायला तयार.

शिरस्त्राणांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पगडी आणि पागोटे पावसात भिजण्यासाठी नव्हतेच. साहेबाची सोला हॅट पाणवनस्पतीच्या भेंडाची, ती पाणी शोषून बसे. गांधी टोपीची कडक इस्त्री पहिल्या सरीतच ढळते. यावर गावोगावच्या वृद्धांनी काढलेला तोडगा म्हणजे टोपीवरून ओढलेली प्लॅस्टिकची पिशवी. तिला कोणी हसो, टोपी कोरडी राहते.

नाशिक शहरातला आजचा प्रश्न मात्र छत्रीचाही नाही आणि टोपीचाही नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे पाळीवर जाणारा माणूस दुचाकीवर असतो, दोन्ही हात मुठींवर, आणि पाऊस समोरून येतो. म्हणजे आवणी करणाऱ्या बाईसारखाच तोही रिकाम्या हाताचा नव्हे. त्याला रेनकोटच हवा. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन जलाभेद्य वस्त्र केले. आपल्याकडे कलकत्त्यास १९२० मध्ये सुरू झालेल्या बेंगॉल वॉटरप्रूफच्या ‘डकबॅक’ने ते घरोघरी पोहोचविले. जे कापड बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही ते आतला घामही बाहेर जाऊ देत नाही, हा या वस्त्राचा जन्मजात दोष. १९६९ मध्ये रॉबर्ट गोर याने ताणलेल्या टेफ्लॉनच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ जाते पण थेंब जात नाही असे कापड शक्य केले खरे, पण त्याची किंमत पाळीवरच्या माणसाला झेपणारी नाही. तूर्त त्याने एक माप मोठा, बगलेत छिद्रे आणि पाठीवर झडपेची जाळी असलेला दोन तुकड्यांचा रेनकोट घ्यावा. आत सुती सदरा नको, लवकर वाळणारा मिश्र धाग्याचा असावा. दुचाकीवर मागे बसून छत्री उघडणे हा तर शुद्ध अविचार होय. वारा भरला की ती शिडासारखी ओढते, आणि मागे बसलेली व्यक्ती रस्त्यावर येते.

नीटनेटकेपणा सोडावा असे मात्र मुळीच नाही. पावसात चांगले दिसायचे तर गडद रंग, घोट्याच्या वर राहणारा पायजमा किंवा विजार, रबरी तळाची पादत्राणे आणि कचेरीत ठेवलेला मोज्यांचा एक कोरडा जोड एवढे पुरते. कातडी चप्पल आश्विनापर्यंत कागदात गुंडाळून ठेवावी. येवल्याची पैठणी तेथील कोरड्या हवेत विणली जाते. श्रावणातल्या मंगळागौरीला ती अवश्य नेसावी, पण घरून नेसून निघू नये, मलमलीत गुंडाळून न्यावी आणि तेथे पोहोचल्यावर नेसावी.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणाऱ्यांना एक विनंती. ही वाट रात्रीची, चिखलाची, दगडाधोंड्यांची आणि गर्दीची असते; तीत छत्री धरणाऱ्याला भिजू देते आणि मागच्याच्या डोळ्याशी काडी नेते. ती घरीच ठेवा. गुडघ्याखाली येणारा रेनकोट, पकड असलेले बूट आणि आधाराला एक काठी घ्या, परतीचे सुके कपडे दोन पिशव्यांत बांधा, आणि हात मोकळे ठेवा.