संशोधनाच्या वाटा (७) : उसातला बिबट्या आणि पीएचडी

गेल्या आठवड्यात आपण सागरी जीवशास्त्रातल्या संधी पाहिल्या. या वेळी किनारा सोडून रानात शिरू. वन्यजीवांवर संशोधन करायचं ठरवणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या मनात एक वाघ असतो. बी.एस्सी. संपता संपता ताडोबाची एखादी सफारी होते आणि मग ‘मला वाघावर पीएचडी करायची आहे’ असं पत्र कुणा शास्त्रज्ञाला जातं. अशा पत्रांना उत्तरं क्वचितच येतात, कारण त्या पत्रात प्राणी असतो, प्रश्न नसतो. गाइड, शिष्यवृत्ती, वनखात्याची परवानगी या सगळ्यांचा जम बसतो तो प्रश्नाभोवती. म्हणून प्रवेश परीक्षांकडे वळण्याआधी आपल्याच मातीतल्या एका प्रश्नाची हकीकत सांगतो.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात बिबट्यांचे माणसांवरचे हल्ले अचानक वाढले. गावकरी संतापलेले, वनखातं पिंजरे लावून थकलेलं. बिबट्या पकडायचा आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडायचा, हा तेव्हाचा सर्वमान्य उपाय होता. आता यावर शंका कोण घेणार? वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेतली. पकडलेल्या बिबट्यांच्या अंगात मायक्रोचिप बसवली गेली, हल्ल्यांच्या नोंदी तारीखवार आणि गाववार लावल्या गेल्या. त्यातून दिसलं ते उलटंच होतं. पकडून दुसरीकडे सोडण्याच्या मोहिमेआधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, मोहीम सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. शिवाय जिथे बिबटे नेऊन सोडले, त्या ठिकाणांच्या आसपासही हल्ले होऊ लागले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, भटकतं, आणि त्याची मूळ जागा रिकामी राहत नाही, तिथे दुसरा बिबट्या येतो. हे निष्कर्ष मांडणारा शोधनिबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मानव-बिबट्या संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ऊठसूट पकडून दुसरीकडे सोडण्याला नकार दिला.

यातून पुढचा प्रश्न आपसूकच उभा राहिला. बिबट्या मुळात जंगलातून गावात ‘येतो’ की गावशिवारातच राहतो? अकोले तालुक्यात, जिथे ऊस आहे, बागायती आहे आणि बिबट्याचं म्हणावं असं जंगली भक्ष्य जवळपास नाही, तिथे बांधांवर आणि पाणंदींवर कॅमेरा ट्रॅप लावले गेले. दर चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं राहतात अशा त्या खोऱ्यात १०० चौरस किलोमीटरला सुमारे ४.८ प्रौढ बिबटे निघाले. तरसंही जवळपास तितकीच. हे आकडे २०१३ साली छापून आले. मग हे बिबटे खातात काय? विष्ठा गोळा करून तिच्यातले अवशेष तपासले, तर आहारातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांची संख्या त्या भागात कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही!

या साऱ्या कामाला ना घनदाट जंगल लागलं, ना व्याघ्र प्रकल्पाचं प्रवेशद्वार. लागल्या त्या नोंदी, संख्याशास्त्र आणि गावकऱ्यांशी बोलण्याची चिकाटी. त्या पट्ट्यातला संघर्ष मिटला असं मात्र कुणी समजू नये. जुन्नर, शिरूर, आंबेगावात आजही माणसं दगावतात, आणि ज्या घरातलं मूल गेलं त्याला आकडे ऐकवून उपयोग नसतो. म्हणजे तिथे अजून पाच-दहा प्रबंधांना पुरेल एवढं काम पडलेलं आहे.

आता शिकायचं कुठे ते पाहू. देशातली सर्वांत परिचित जागा म्हणजे देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था. तिची स्थापना १९८२ ची आणि वन्यजीवशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम १९८८ पासूनचा. आज या क्षेत्रात नाव असलेले कितीतरी लोक तिथून बाहेर पडले. कोइमतूरची सलीम अली यांच्या नावाची संस्था, म्हणजे ‘सॅकॉन’, आता तिचाच भाग आहे. बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत २००४ पासून वन्यजीव जीवशास्त्र आणि संवर्धनाची एम.एस्सी. चालते. जागा मोजक्या, चाचणी आणि मुलाखत कडक, पण पदवी कुठल्या शाखेची याचा बाऊ नाही. इंजिनिअर आणि डॉक्टरही तिथे शिकून गेले आहेत. त्याच शहरात भारतीय विज्ञान संस्थेचं परिस्थितिकी केंद्र आहे. ते माधव गाडगीळांनी १९८३ साली उभं केलं. हार्वर्डमध्ये गणिती परिस्थितिकीत पीएचडी करून परतलेल्या या पुणेकराने देशातल्या परिस्थितिकीला गणिताची सवय लावली. ‘एट्री’ ही संस्थाही बंगळुरूचीच. तिथल्या पीएचडीत निसर्गविज्ञान आणि समाजशास्त्र एकाच टेबलावर बसतात, आणि संघर्षाच्या प्रश्नांना हे फार उपयोगी पडतं.

महाराष्ट्रात पहिला मान बीएनएचएसचा, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा. १८८३ साली सुरू झालेली ही संस्था मुंबई विद्यापीठाशी जोडलेली असून तिथे संशोधनातून पदवी घेता येते. सलीम अलींच्या हाताखाली विजयकुमार आंबेडकरांनी सुगरण पक्ष्यांवर केलेलं काम याच परंपरेतलं. पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एम.एस्सी. आहे आणि भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण संस्थेतही वन्यजीव संवर्धनाचा अभ्यासक्रम आहे. मोठ्या संस्थेत नंबर लागला नाही म्हणून वर्ष फुकट घालवण्यापेक्षा या वाटेने जाणं केव्हाही शहाणपणाचं.

पैशांचं गणितही समजून घेतलेलं बरं. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेत लाइफ सायन्सेस विषयातून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली, तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. गेट परीक्षेतही परिस्थितिकी आणि उत्क्रांतीचा स्वतंत्र पेपर आहे. स्वतःची फेलोशिप खिशात असेल तर गाइड मिळणं बरंच सोपं जातं, हे उघड गुपित आहे. फील्डवर्कचा खर्च मात्र यात भागत नाही. त्यासाठी इंग्लंडच्या रफर्ड फाउंडेशनची छोटी अनुदानं किंवा रवी शंकरन यांच्या स्मरणार्थ इनलॅक्स देते ती फेलोशिप, असे मार्ग आहेत. शंकरन यांनी आधी तणमोराचा आणि पुढे अंदमानच्या गुहांमधल्या पाकोळ्यांचा अभ्यास केला होता.

आणि मग परवानगी. नवखे इथेच अडखळतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात अभ्यासासाठी पाऊल टाकायलाही मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. जनावर पकडायचं, त्याला रेडिओ कॉलर लावायची, तर कलम १२ लागू होतं आणि अनुसूची १ मधल्या प्राण्यांसाठी केंद्राची पूर्वसंमती लागते. २००९ साली विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला अशी कॉलर लावून माळशेजला सोडलं होतं. तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला आणि पुढे त्याच्यावर सिनेमाही निघाला. सिनेमात न मावणारा कागदपत्रांचा ढीग त्या कॉलरच्या मागे असतो. परवानगीत महिनोन् महिने जातात. पाच वर्षांच्या पीएचडीत त्यासाठी जागा आधीच ठेवावी, आणि एम.एस्सी.च्या सहा महिन्यांच्या प्रबंधासाठी तर अभयारण्याबाहेरचा विषय घेणंच बरं.

परदेशाचं विचारणारेही बरेच असतात. अमेरिकेत या शाखेची रीत निराळी आहे. तिथे आधी प्राध्यापकाकडे प्रकल्प आणि पैसा येतो, मग तो ‘असिस्टंटशिप’ची जाहिरात देतो. निवड झाली की फी माफ होते आणि विद्यावेतन मिळतं. त्यामुळे विद्यापीठाचा अर्ज भरण्याआधी प्राध्यापकाशी पत्रव्यवहार जमवावा लागतो. हा पैसा येतो कुठून, हे कळलं की जाहिरातींचा रोखही कळतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. १९३५ पासून विद्यापीठं, राज्यं आणि केंद्र मिळून चालवत असलेली सहकारी संशोधन केंद्रं या साखळीतच बसतात. म्हणून तिथल्या जाहिरातींत हरणं, रानटर्की आणि बदकं भरपूर दिसतात. भारतातल्या हत्तींवर काम करायला अमेरिकेतला शिकारी पैसा देणार नाही. पण कॅमेरा ट्रॅपच्या विदेतून प्राण्यांच्या संख्येचा अंदाज बांधायची पद्धत तिथल्या हरणांवर शिकून आपल्याकडच्या सांबरांना लावता येते. त्या हिशोबाने जायचं असेल तर जरूर जावं.

माझ्या मते मराठी विद्यार्थ्याची खरी संधी मात्र घराजवळ आहे. पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगा आणि भटका कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून २०२३ साली सिद्ध झालं. तो संकर किती पसरलाय, धनगरांच्या कळपांवर त्याचा काय परिणाम होतोय, हे शोधायला मेंढपाळाच्या वाड्यावर रात्री बसून बोलता आलं पाहिजे. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, संशोधकांनी अक्षरशः एकेक सुटा दगड उचलून खाली कोण राहतं ते पाहिलं आणि मूळ सड्याची आंब्याच्या बागांशी व पडीक भातखाचरांशी तुलना केली. शंभराहून अधिक वर्षं हरवलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ सापडला आणि २०१४ मध्ये मुंबईपासून जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या तानसा अभयारण्यात दिसला. मधल्या सगळ्या डोंगररांगांत तो कुठे कुठे आहे? या कामांना भाषा लागते, ओळखी लागतात, शेतकऱ्याच्या ओट्यावरचा चहा नाकारायचा नसतो हे ठाऊक असावं लागतं. दिल्ली-बंगळुरूहून येणाऱ्या हुशार मुलांना हे शिकायला वर्ष जातं. तुमच्याकडे ते आहे.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. पीएचडीनंतर कायम नोकऱ्या थोड्या आहेत. स्वयंसेवी संस्थांतली कामं प्रकल्प संपला की संपतात, आणि भारतीय वनसेवेत जायचं तर यूपीएससीची परीक्षा वेगळीच द्यावी लागते. घरची जबाबदारी लवकर उचलावी लागणार असेल, तर संख्याशास्त्र, ‘आर’ ही संगणकभाषा आणि जीआयएस पक्कं करून ठेवा. ही तिन्ही हत्यारं वन्यजीव क्षेत्राबाहेरही पोट भरतात.

जे पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत त्यांनी या सुट्टीत आपल्या तालुक्यातला एक प्रश्न एका पानावर मांडावा : काय माहीत आहे, काय माहीत नाही, ते कसं मोजणार, आणि त्याचं उत्तर कुणाला हवं आहे. गाइडला पाठवायच्या पत्राला ते पान जोडा, बायोडेटा नंतर. पुढच्या आठवड्यात वनस्पतिशास्त्र आणि बियाणे संशोधन.