फुकटच्या खेळाची किंमत



ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. तेव्हापासून पालकसभेत आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "गेम बंद झाले म्हणतात, मग आमच्या घरात अजून कसे चालू आहेत?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून या अंकातली आमची जागा त्यासाठी खर्च करीत आहोत.

आधी कायद्याविषयी. हे विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत आणि २१ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाले आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. ज्या खेळात पैसे लावायचे आणि पैसे जिंकण्याची आशा धरायची, ते खेळ या कायद्याने बंद केले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार धरलेले नाही. भारतीय क्रिकेट संघाच्या अंगावरच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हनचे नाव गेले, ते याच कारणाने.

पण आपल्या सातवी-आठवीतल्या मुलांच्या हातात असतो तो खेळ या जातीचा नाही. त्यात पैसे जिंकायचे नसतात, फक्त द्यायचे असतात. बंदूक चालवायची, गाव वसवायचे, रंगीत गोळ्या जुळवायच्या, आणि वाटेत कुठेतरी पोशाख, हत्यारे, 'डायमंड' विकत घ्यायचे. असे खेळ या कायद्याने बंद झाले नाहीत. ते डाऊनलोड करताना समोर 'फुकट' असे लिहिलेले असते आणि ते खोटेही नसते. शंभरातली बहुतेक मुले त्यावर एक पैसाही खर्च करीत नाहीत. थोडी मुले थोडे पैसे देतात, आणि त्या थोड्यांतले एखाद-दुसरे गिऱ्हाईक इतके देते की बाकीच्या सगळ्यांचा खेळ त्याच्या जिवावर चालतो. या धंद्यात अशा गिऱ्हाइकाला 'व्हेल', म्हणजे देवमासा म्हणतात. जाळे सगळ्यांवर टाकलेले असते, वाट पाहायची ती देवमाशाची. आपला मुलगा देवमासा निघेल की नाही, हे खेळ सुरू करताना त्याला स्वतःलाही ठाऊक नसते.

पूर्वी असे नव्हते. आमच्या तरुणपणी टीव्हीला जोडायचा खेळ मिळे. त्याची मारिओची कॅसेट एकदा विकत आणली की काम संपले. पुढे दुकानदाराला तुम्ही किती वेळ खेळता याच्याशी काही कर्तव्य नसे. आजही असे खेळ निघतात. पुण्यातल्या एका स्टुडिओने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला. प्राचीन भारतातली एक मुलगी आपल्या धाकट्या भावाला शोधायला निघते, अशी त्याची गोष्ट. एकदा किंमत मोजा आणि खेळा. पण मोठा पैसा दुसरीकडे होता. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' नावाच्या खेळात घोड्याला घालायचे चिलखत अडीच डॉलरला विकायला काढले तेव्हा खेळणारेच हसले होते. खेळाचे पैसे दिले, आता घोड्याच्या कपड्यांचेही द्यायचे? आज त्या हसण्याचे नवल वाटते.

आता ही दुकाने चालतात कशी, ते पाहू. पहिला माल म्हणजे वाट पाहणे. २०१२ मध्ये आलेला 'कँडी क्रश' घ्या. (हा खेळ मुलांपेक्षा त्यांच्या आया, मावश्या आणि आमच्या शिक्षक-खोलीतले काहीजण अधिक खेळतात, तेव्हा कोणी एकमेकांकडे बोट दाखवू नये.) त्यात पाच 'जीव' मिळतात. हरलात की एक गेला. गेलेला जीव अर्ध्या तासाने परत येतो. पाचही गेले तर सगळे परत यायला अडीच तास. ज्याला धीर आहे त्याला खेळ फुकट, ज्याला नाही त्याने पैसे द्यावेत. आणि थांबायची वेळ नेमकी कधी येते? दोन गोळ्या जुळायच्या राहिलेल्या असतात तेव्हा. ही अधीरता किती मोलाची, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: हा खेळ बनवणारी किंग ही कंपनी २०१६ मध्ये ५९० कोटी डॉलरला विकली गेली.

दुसरी युक्ती हिऱ्यांची. खेळात रुपये चालत नाहीत. कुठे डायमंड, कुठे यूसी, कुठे रोबक्स. रुपये देऊन आधी ते घ्यायचे, मग त्यातून वस्तू घ्यायची. रुपया खर्च करताना मुलाला आईचा चेहरा आठवतो, हिरा खर्च करताना कोणाचाच आठवत नाही. शिवाय हिऱ्यांच्या पुड्या अशा बांधलेल्या असतात की हिशेब जुळूच नये. आमच्या गणिताच्या शिक्षकांनी सहावीच्या वर्गाला एक उदाहरण घातले. समजा पोशाखाला ६० हिरे लागतात आणि पुडी मिळते ५० ची. पहिल्या पोशाखासाठी दोन पुड्या घ्याव्या लागल्या, उरले ४०. एवढे हिरे वाया कसे घालवायचे, म्हणून आणखी एक पुडी घेतली, दुसरा पोशाख आला, उरले ३०. मुलांनी फळ्यावर हिशेब पुढे नेला: मग २०, मग १०, आणि पाचव्या पोशाखाला शून्य. वर्गातली एक मुलगी म्हणाली, हा तर लसावि आहे, ५० आणि ६० चा लसावि ३००. गणित शिकून व्यवहारात काय उपयोग, असे विचारणाऱ्या पालकांना हे उदाहरण आम्ही मुद्दाम ऐकवतो. खेळात हा हिशेब फळ्यावर कोणी मांडून दाखवत नाही, तिथे फक्त 'तुमच्याकडे १० हिरे शिल्लक आहेत' एवढेच चमकत राहते.

तिसरी आणि सर्वांत वाईट युक्ती बंद पेटीची, म्हणजे लूट बॉक्सची. १९०५ साली माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केलेल्या आपल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात रिंग फेकण्याचा खेळ सगळ्यांनी पाहिला आहे. वस्तूवर रिंग पडली तर वस्तू तुमची. साबणावर पडते, घड्याळावर सहसा पडत नाही. पण मेळ्यात निदान रिंग केवढी आणि घड्याळाखालचा ठोकळा केवढा, हे डोळ्यांना दिसते. चार चकरा मारून दहा वर्षांचे पोरही शहाणे होते. पेटीत तसे नाही. पैसे दिल्यावर ती उघडते आणि आत काय निघेल हे नशिबावर. बहुधा साबण निघतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग बी.एड.ला आम्ही सर्वांनी पाठ केले होते. बटणावर ठरावीक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळाला तर कबुतर दाणा खाऊन जरा विसावते. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या, असा बेभरवशाचा मिळू लागला की ते न थांबता टोचत राहते. परीक्षेत यावर टीप लिहून आम्ही मोकळे झालो, खेळ बनवणाऱ्यांनी मात्र त्याचे दुकान थाटले.

पेटीविरुद्ध पहिली मोठी ओरड पालकांनी किंवा शिक्षकांनी केली नाही, हे विद्यार्थी मित्रांना मुद्दाम सांगावेसे वाटते. ती खेळणाऱ्यांनीच केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू' हा खेळ येऊ घातला होता. पूर्ण किंमत देऊनही त्यातली नावाजलेली पात्रे कुलूपबंद होती आणि ती कमवायला तासन्‌तास खर्च करावे लागणार होते. रेडिट या संकेतस्थळावर खेळणाऱ्यांनी जाब विचारला. कंपनीने गुळगुळीत उत्तर दिले, त्या एका उत्तराला सहा लाखांहून अधिक नापसंतीची मते पडली. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. खेळ बाजारात यायच्या काही तास आधी कंपनीने त्यातली पैशांची खरेदी तात्पुरती थांबवली. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही खेळांतल्या अशा विकतच्या पेट्यांना सरळ जुगार ठरवले. 'इंटरनेटवरची पोरे काहीही बडबडतात' असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की हा डाव त्या पोरांनीच आधी ओळखला होता.

आता घरातली गोष्ट. गेल्या वर्षी आपल्या एका पालकांच्या खात्यातून तीन महिन्यांत थोडे थोडे करून अठरा हजार रुपये गेले. कधी ऐंशी, कधी तीनशे. बँकेचे संदेश येत होते, पण ते आईच्या फोनवर, जो अभ्यासासाठी मुलाकडेच असे. यूपीआयचा पिन मुलाची जन्मतारीख होती. खेळाचे नाव इथे देत नाही, कारण नाव बदलले तरी गोष्ट हीच राहते. मुलगा चोर नव्हे, हे आम्ही त्या घरी जाऊन सांगितले. त्याच्या लेखी त्याने पैसे घेतलेच नव्हते, 'टॉप-अप' केले होते. वडिलांना हे पटायला वेळ लागला आणि मुलगा कित्येक दिवस शाळेत मान वर करून बोलत नव्हता.

असा पैसा जाण्यात सारा दोष घराचाच असतो, असेही नाही. २०१४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ॲपलला किमान सव्वातीन कोटी डॉलर ग्राहकांना परत करायला लावले. पालकाने एकदा पासवर्ड घातला की पुढची पंधरा मिनिटे पुन्हा न विचारता खरेदी होत राही, आणि ही गोष्ट पालकाला सांगितलेली नसे. २०२२ मध्ये 'फोर्टनाइट' बनवणाऱ्या एपिक कंपनीला याच आयोगापुढे ५२ कोटी डॉलर मान्य करावे लागले. त्यातले साडेचोवीस कोटी नको ती खरेदी झालेल्या ग्राहकांना परत देण्यासाठी होते. बाकीचा दंड मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याबद्दल.

विश्वस्त मंडळींपैकी काहींनी सुचवले आहे की शाळेने मोबाईल गेमवर बंदीची नोटीस काढावी आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडून हमीपत्र घ्यावे. त्यांची कळकळ आम्ही जाणतो. शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांच्या मोबाईलला आजही मनाई आहे आणि ती राहील. पण घरातल्या फोनसाठी हमीपत्र घेतले तर मुले सही करतील, आणि त्या सहीइतकेच ते खरे असेल. सरकारी बंदीचे काय झाले पाहा. २ सप्टेंबर २०२० ला पबजीसह ११८ ॲप बंद झाली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बीजीएमआय' नावाने आला, जुलै २०२२ मध्ये तोही हटवला गेला, मे २०२३ मध्ये परत आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला तेव्हा त्याचा भाऊ 'फ्री फायर मॅक्स' चालूच होता. मुलांना या तारखा इतिहासाच्या तारखांपेक्षा चांगल्या पाठ आहेत.

आणखी एक शब्द जपून वापरावा असे आम्हाला वाटते. आमचे शिक्षण हिंदीत झाले. हिंदीत 'लत' म्हणतात, त्यात थोडी चीड असते आणि थोडी माया; मराठीत 'व्यसन' म्हटले की दारूच आठवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जानेवारी २०२२ पासून गेमिंगच्या आजाराची नोंद आहे खरी. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणे, बाकीच्या सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसूनही तो न थांबणे, आणि हे साधारण बारा महिने चालणे, अशी लक्षणे पाहतात. परीक्षेच्या आदल्या रात्री तासभर खेळलेला मुलगा व्यसनी नव्हे. ज्याच्यात वरची लक्षणे दिसतात, त्याला मात्र रागावून भागणार नाही, डॉक्टरांकडे न्यावे.

हमीपत्राऐवजी आम्ही विश्वस्तांकडे संगणक-खोली मागितली आहे, महिन्यातून एका शनिवारी, दुपारी दोन तास. तिथे फोनमधली खरेदीची कुलपे कशी लावायची ते दाखवू: प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायला लावणे, मुलाच्या फोनवरची खरेदी आधी पालकाच्या फोनवर विचारायला लावणे, खात्याचे संदेश आपल्याच फोनवर येतील अशी व्यवस्था करणे, पिन बदलणे. पैसे गेलेच असतील तर परताव्याचा अर्ज कुठे करायचा तेही सांगू. कोणी फसवून पैसे काढले असतील तर १९३० हा सरकारी क्रमांक आहे. तिथे जितक्या लवकर फोन कराल तितके बरे. नववीच्या चार विद्यार्थ्यांनी आपल्या आवडत्या खेळातले दुकान पडद्यावर उघडून, त्यात कुठे काय लपवले आहे ते पालकांना समजावून देण्याचे कबूल केले आहे.

पालकांनी येताना आपला फोन आणावा. ज्यांच्या फोनचा पासवर्ड फक्त मुलालाच ठाऊक आहे, त्यांनी मुलालाही आणावे.