हॉटेलांतील सोयरीक

शहरांत 'हॉटेल' म्हटलें म्हणजे जी इमारत डोळ्यांपुढें उभी राहते, ती बीड जिल्ह्यांतील खेडुताच्या मनांत येत नाहीं. त्याचें हॉटेल म्हणजे फाट्यावरची चहाची जागा. वर पत्र्याचें छप्पर, दारापुढें भज्यांची कढई, कांचेच्या कपाटांत शेव-चिवडा, आणि आंत पडद्यानें अगर फळीनें वेगळा केलेला एक कोपरा. त्यावर 'फॅमिली रूम' अशी पाटी. मुक्कामाची सोय तेथें बहुधा नसते. असलीच तर तिला 'लॉज' म्हणतात, आणि तें नांव घेतांना लोक आवाज थोडा खालीं आणतात. आजचें माझें भाषण या फॅमिली रूमविषयीं आहे. मुलगी पाहण्याचा विधि अलीकडे घराच्या ओसरीवरून उठून या कोपऱ्यांत येऊं लागला आहे. तेथें दोन तरुण जीव एकमेकांशीं काय बोलतात, यापेक्षां त्यांच्या भोंवतीं बसलेलीं दहा-पंधरा वडीलधारीं माणसें काय करतात, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम, विधीनें घर कां सोडलें? पूर्वीं मुलाकडील मंडळी मुलीच्या घरीं येत. पाट मांडला जाई, मुलगी डोक्यावर पदर घेऊन पोह्यांचें ताट घेऊन येई. नांव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो काय, असे प्रश्न होत. पांच ठिकाणांहून नकार आला म्हणजे सारी आळी मोजीत असे. हॉटेलांत हा हिशेब कोणास ठेवतां येत नाहीं. चहा पिऊन लोक उठले, एवढेंच बाहेरच्यास दिसतें. मांजरसुंबा हें नांव आपण ऐकलें असेल. धुळें-सोलापूर महामार्ग तेथें अहिल्यानगर-अंबाजोगाई रस्त्यास मिळतो. उत्तरेस बीड, दक्षिणेस चौसाळा, पश्चिमेस पाटोदा, पूर्वेस केज. चारी दिशांच्या पाहुण्यांस मध्यें पडणारी जागा. अशा ठिकाणीं कोण कोणाकडे आलें, हें ठरत नाहीं. म्हणून मानपानाची पहिली कुरबूरहि टळते. बिल कोणीं द्यावें यावर मात्र गल्ल्यापाशीं जी ओढाताण होते, ती पाहण्याजोगी असते. दोन्ही पक्षांचे मामा खिशांत हात घालून एकमेकांस मागें ढकलीत असतात, आणि हॉटेलवाला दोघांकडेहि न पाहतां बडीशेपेची ताटली पुढें सरकवितो.

आतां आंत काय घडतें तें पाहूं. दोन टेबलें जोडून वडील मंडळी बसते. थोड्या वेळानें कोणी सुधारक वृत्तीचा काका म्हणतो, "पोरांना जरा बोलूं द्या." मग मुलगा व मुलगी कोपऱ्यांतल्या टेबलाशीं जाऊन बसतात. पडदा अर्धा उघडा असतो; तो पुरा ओढावयाचा नाहीं, हा अलिखित नियम. मुलीची करवली म्हणून धाकटी बहीण शेजारीं बसते. पंधरा मिनिटें मिळतात. त्यांतलीं पहिलीं पांच बशींतल्या चहाकडे पाहण्यांत जातात, आणि शेवटचीं पांच आत्याबाईंच्या खोकल्यांत. मध्यें जीं पांच मिनिटें उरतात, तेवढ्यावर जन्माचा निर्णय व्हावयाचा असतो. खरें म्हटलें तर तो झालेलाच असतो. जमीन किती, पाणी आहे काय, नोकरी कायम कीं कंत्राटी, देवक जुळतें कीं नाहीं, हें सारें मध्यस्थानें आधींच चाळून घेतलेलें असतें. मुलामुलींस विचारणें हा त्या चाळणींतून उरलेल्या पिठावर मारलेला शेवटचा हात.

ही रीत केवळ आपलीच आहे असें समजूं नये. जपानांत 'ओमिआइ' नांवाची प्रथा आहे. तेथेंहि मध्यस्थ दोन्ही कुटुंबांस बहुधा एकाद्या हॉटेलांत एकत्र आणतो, ओळख करून देतो, आणि मग वडील माणसें उठून जातात. "आतां तरुणांना बोलूं द्या," हें वाक्य तेथें ठराविकच होऊन बसलें आहे. नकार द्यावयाचा तो मध्यस्थाच्या तोंडून, म्हणजे कोणाचेंच तोंड कडू होत नाहीं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं तेथील बहुसंख्य विवाह असे जुळविलेले असत. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्वेच्छेच्या विवाहांची संख्या त्यांच्यापुढें गेली. न्यूयॉर्कमधील सनातनी यहुदी घराण्यांतहि स्थळ पाहणारीं तरुण-तरुणी हॉटेलच्या दिवाणखान्यांत भेटतात. फरक इतकाच कीं, तेथें वडील माणसें खरोखरच उठून जातात.

आपल्याकडे तीं कां उठत नाहींत? 'जुनाट मनें' असें म्हणून शहरांतील माणूस मोकळा होतो; परंतु त्यानें कांहींच उलगडत नाहीं. सोयरीक म्हणजे दोन घराण्यांतील व्यवहार होय, आणि कोरडवाहू मुलखांत अडचणीच्या वेळीं बी-बियाणें, उसनवार, बैलजोडी, दवाखान्याची धांवपळ, हें सारें सोयऱ्यांवरच चालत आलें आहे. सून आणणें म्हणजे वीस घरांशीं हातउसन्याचें नातें जोडणें. त्या वीस घरांस त्यांत बोलण्याचा हक्क वाटला, तर नवल नाहीं. सर्वांत मोठा हक्क आत्याचा. मुलानें मामाची मुलगी करावी ही आपल्याकडील जुनी चाल. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या नातेसंबंधांवरील ग्रंथांत तिची चिकित्सा केली आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें जवळच्या नात्यांतील विवाह मना केले, तरी जेथें रूढि आहे तेथें सवलत ठेवली. त्यामुळें मुलगी जन्मल्या दिवशींच आत्या "ही माझी सून" म्हणून मोकळी होते. पुढें मुलगी बारावी होते, नर्सिंग शिकते, दुसरें स्थळ पाहूं लागते. आणि हॉटेलांतील त्या टेबलाशीं आत्या तोंड फिरवून बसते. तिचा खोकला उगीच नसतो.

अंबाजोगाईच्या योगेश्वरीची कथा या जिल्ह्यांत घरोघरीं सांगतात. देवी कोंकणांतून परळीच्या वैजनाथाशीं विवाहासाठीं आली, वऱ्हाड अंबाजोगाईस पोंचलें, तों मुहूर्त टळला. वऱ्हाडी दगड झाले, आणि देवी कुमारिका राहिली. हत्तीखाना लेण्यांतील दगडी हत्ती दाखवून म्हातारीं माणसें ही कथा पटवून देतात. मुहूर्त टळल्याची हळहळ तींत पुरेपूर आहे. वधूचें म्हणणें काय होतें, हें कोणी सांगत नाहीं.

येथवर मी थोड्या विनोदानें बोललों. पुढील गोष्टी तशा नाहींत. २०११ च्या शिरगणतींत बीड जिल्ह्यांत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागें मुली होत्या अवघ्या ८०७. महाराष्ट्रांतील सर्वांत खालचा आंकडा. त्याच्या दहा वर्षें आधीं तो ८९४ होता. ज्या मुली त्या वर्षांत जन्मूं दिल्या गेल्या नाहींत, त्या आज लग्नाच्या वयाच्या झाल्या असत्या. म्हणून आज फॅमिली रूममध्यें एका मुलीसाठीं चार स्थळें रांगेंत असतात, आणि तीस उलटलेला शेतकऱ्याचा मुलगा मान खालीं घालून बसतो. शेजारच्या सोलापुरांत डिसेंबर २०२२ मध्यें अविवाहित तरुणांनीं बाशिंगें बांधून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हां वर्तमानपत्रांनीं त्याची गंमत केली. मला त्यांत गंमत दिसली नाहीं. मुली कमी झाल्या म्हणजे त्यांचा शब्द वजनदार होईल, असें आपणांस वाटेल. घडतें तें उलट. मागणी वाढली कीं बाप लवकर उजवून मोकळा होऊं पाहतो.

त्याला उसाचीहि जोड आहे. दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतून लक्षावधि माणसें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊस तोडण्यास जातात. मुकादम 'उचल' देतो ती एका कोयत्यास, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मुलगा अर्धा कोयता. त्याचें लग्न झालें कीं घरांत पुरा कोयता होतो. दुसरीकडे वयांत आलेली मुलगी कोणाच्या भरंवशावर गांवीं ठेवावयाची, या काळजीनें तिचे आईबाप हैराण असतात. दोन गरजा एकमेकींस अशा भेटतात. २०१९ ते २१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा चाळिसांहून अधिक जणींचें लग्न अठरा वर्षांपूर्वींच झाल्याचें आढळलें.

१९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीचें वय चौदा ठरविलें, पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. बीड १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यानें आमच्या आजोबांच्या पिढीस तो ऐकीवच होता. १९७८ सालीं मुलीचें वय अठरा व मुलाचें एकवीस झालें, आणि २००६ सालीं नवा बालविवाह प्रतिबंधक कायदा आला.

कायदा वय विचारतो, आणि वय शाळेच्या रजिस्टरांत असतें. येथें माझ्यासारख्या शाळामास्तराचा संबंध येतो. मराठवाड्यांतील जुनीं रजिस्टरें उघडून पाहा, निम्म्या गांवाचा जन्म १ जून रोजीं झालेला दिसेल. कारण बाप मुलास दाखल करण्यास आला म्हणजे वय अंदाजानें सांगे आणि मास्तर शाळेच्या सोयीची तारीख घाली. ही निरुपद्रवी वाटणारी सोय पुढें किती जड जाते, हें नोकरींत मीं पाहिलें. कांहीं बाप येत, "मास्तर, पोरीचं वय दोन वर्षं वाढवून द्या, लग्न धरलंय." दुसरे येत, "कमी करून द्या." हे दुसरे म्हणजे ज्यांची मुलगी आपल्या पसंतीच्या मुलाबरोबर निघून गेली ते. ती अठरांच्या आंत ठरली कीं मुलावर पळवून नेल्याचा व २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याचा गुन्हा लागतो, आणि मुलगी परत घरीं. जी बापाच्या मर्जीनें उभी राहते तिचें वय वाढावयाचें, जी स्वतःच्या मर्जीनें गेली तिचें घटावयाचें. रजिस्टर तेंच, दौतहि तीच. मीं कोणाचेंहि केलें नाहीं. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें वय ठरविण्यासाठीं प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचें प्रमाणपत्र, तें नसल्यास नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा दाखला, आणि तेंहि नसल्यासच वैद्यकीय तपासणी, असा क्रम घालून दिला आहे. ज्यांच्या घरीं मुली आहेत त्यांनीं जन्माची नोंद वेळेवर करावी, ही माझी विनंति या एका कारणासाठींहि आहे.

जातीबाहेरच्या प्रीतीची गोष्ट मात्र हॉटेलच्या टेबलापर्यंत येतच नाहीं. बीडच्या सीमेस लागून असलेल्या जामखेड तालुक्यांत खर्डा म्हणून गांव आहे. २०१४ च्या एप्रिलांत तेथें एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्यास, वरच्या जातीच्या मुलीशीं बोलतो या संशयावरून मारून टाकण्यांत आलें. खटल्यांत पुष्कळ साक्षीदार उलटले, आणि २०१७ सालीं सत्र न्यायालयांतून आरोपी निर्दोष सुटले. हस्तक्षेप हा शब्द येथें अपुरा पडतो. मीं ज्या वयाच्या मुलांस शुद्धलेखन शिकविलें, त्या वयाचा तो मुलगा होता.

कायद्याची स्थिति अशी आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वयें कोणत्याहि जातिधर्माचीं सज्ञान स्त्रीपुरुषें विवाह करूं शकतात. परंतु तीस दिवसांची नोटीस कचेरींत लावावी लागते, आणि ती वाचण्यास नेमके ज्यांनीं वाचूं नये तेच नातलग प्रथम येतात. तथापि हरकत घेण्यास कारणें मोजकींच आहेत: पूर्वींचें लग्न कायम असणें, वय कमी असणें, मानसिक अक्षमता, निषिद्ध नातें. आईबापांची नाराजी त्या यादींत नाहीं. २७ मार्च २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें 'शक्ति वाहिनी' प्रकरणांत स्पष्ट केलें कीं, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहास कुटुंबाची, जातीची किंवा पंचायतीची संमति आवश्यक नाहीं. आणि अशा जोडप्यांच्या रक्षणासाठीं जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष नेमण्यास सांगितलें.

निवृत्तीनंतर मला स्वतःला मध्यस्थ म्हणून अधूनमधून बोलावणें येतें. दोन्ही बाजूंचे लोक जुने विद्यार्थी निघतात आणि "गुरुजी, तुम्हीं बसाच" म्हणतात. हॉटेलांत गेल्यावर मी दोनच गोष्टी करावयास सांगतों. कोपऱ्यांतल्या टेबलाशीं मुलीची खुर्ची अशी ठेवावी कीं तिची पाठ वडील मंडळीकडे येईल. म्हणजे बोलतांना तिचा चेहरा आत्यास वाचतां येत नाहीं. आणि पसंती-नापसंती त्याच दिवशीं टेबलावर मागावयाची नाहीं. तिसऱ्या दिवशीं मुलीनें स्वतः मला फोन करावा, मुलानें स्वतः करावा, आणि नकार असेल तर त्याचें कारण मीं कोणासहि सांगूं नये. गेल्या खेपेस एका मुलीनें दुसऱ्याच दिवशीं सकाळीं सहा वाजतां फोन केला. नकारच होता. तिच्या वडिलांस मीं एवढेंच कळविलें कीं पत्रिका जमली नाहीं. त्यांनीं पुढें कांहीं विचारलें नाहीं, आणि ती मुलगी या जूनपासून अंबाजोगाईस शिकावयास गेली आहे.