जनसुनावणी: प्रकल्प येण्याआधी गावाला बोलायचा हक्क किती?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नोटिसांच्या गर्दीत एक चौकट छापून येते. 'प्रस्तावित प्रकल्पाबाबत पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी.' खाली तारीख, वेळ, ठिकाण. बहुतेक जण पान उलटतात. पण गावाशेजारी खाण, बंदर, औष्णिक वीज केंद्र किंवा रासायनिक कारखाना येणार असेल, तर अधिकाऱ्यांसमोर आणि कंपनीसमोर उभं राहून प्रश्न विचारण्याची ती सर्वात मोठी कायदेशीर संधी असते. तो प्रश्न सरकारी नोंदीत जातो आणि पुढे न्यायालयातही उपयोगी पडू शकतो.

ही जनसुनावणी नेमकी कशी चालते? आणि सगळं गाव विरोधात बोललं तर प्रकल्प थांबतो का?

हा हक्क आला कुठून?

१९८४ च्या भोपाळ वायुगळतीनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याच कायद्याखाली १९९४ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि मोठ्या प्रकल्पांना आधी पर्यावरणीय मंजुरी घेणं बंधनकारक केलं. लोकांचं म्हणणं ऐकणं सक्तीचं झालं ते १९९७ मध्ये. आज जी पद्धत चालते ती १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेतली आहे. तिला 'ईआयए अधिसूचना' म्हणतात. ईआयए म्हणजे प्रकल्पामुळे हवा, पाणी, जमीन आणि माणसांवर काय परिणाम होईल याचा अभ्यास.

मात्र प्रत्येक प्रकल्पाची सुनावणी होत नाही. इमारतींची बांधकामं, संरक्षण प्रकल्प, जादा जमीन न घेता होणारं रस्त्यांचं रुंदीकरण यांना सूट आहे. कमी परिणामाचे म्हणून 'बी-२' गटात टाकलेले प्रकल्पही यातून सुटतात.

सुनावणीआधीचे ३० दिवस

सुनावणी घेण्याची जबाबदारी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची. मंडळाने एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात द्यायची आणि लोकांना किमान ३० दिवस द्यायचे. जिथे वर्तमानपत्र पोहोचत नाही तिथे दवंडी पिटून किंवा रेडिओ-टीव्हीवरून कळवायचं, असंही अधिसूचनेत लिहिलेलं आहे.

या ३० दिवसांत ईआयए अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी कोणालाही पाहता आला पाहिजे. अहवाल शेकडो पानांचा आणि बहुधा इंग्रजीत असतो. म्हणून त्याचा सारांश स्थानिक भाषेतही देणं बंधनकारक आहे. महाराष्ट्रात तो मराठीत हवा.

खरी अडचण इथेच येते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची सुनावणी मे २०१० मध्ये माडबनला झाली, तेव्हा मराठीतला अहवाल वेळेत मिळाला नाही ही गावकऱ्यांची मोठी तक्रार होती. जो कागद वाचलाच नाही, त्यावर आक्षेप घेणार कसा? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रकल्पाला ३५ अटींसह मंजुरी मिळाली.

सुनावणीच्या दिवशी काय होतं?

सुनावणी प्रकल्पाच्या जागेवर किंवा अगदी जवळ घ्यावी लागते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. आधी कंपनीचा प्रतिनिधी प्रकल्पाची माहिती देतो. त्यानंतर हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारण्याची संधी मिळाली पाहिजे.

गणपूर्तीची अट नाही. म्हणजे दहाच माणसं आली तरी सुनावणी होते. 'कोणी गेलंच नाही तर सुनावणी रद्द होईल' हा समज म्हणूनच चुकीचा आहे. बहिष्कार टाकला तर निषेधाची बातमी होईल, पण मुद्दे नोंदले जाणार नाहीत.

संपूर्ण कामकाजाचं व्हिडिओ चित्रीकरण होतं. शेवटी कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेत सगळ्यांना वाचून दाखवायचा आणि त्यावर अध्यक्षांनी त्याच दिवशी सही करायची, असा नियम आहे. आपला मुद्दा त्यात आला नसेल किंवा चुकीचा लिहिला असेल, तर तो तिथेच दुरुस्त करून घ्यायचा असतो. हाच क्षण अनेकदा निसटतो, कारण तोवर अर्धा मंडप रिकामा झालेला असतो.

प्रत्यक्ष येता येत नसेल तर लेखी हरकतही देता येते. मुंबईत नोकरी करणारा आणि कोकणात घर-जमीन असणारा माणूसही ती पाठवू शकतो.

विरोध झाला तर प्रकल्प थांबतो का?

आपोआप नाही. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. कंपनीने प्रत्येक आक्षेपाला उत्तर द्यायचं, अंतिम अहवालात तसे बदल करायचे आणि मग तज्ज्ञ समितीने सगळं तपासून शिफारस करायची, अशी ही साखळी आहे. मंजुरी द्यायची की नाही हे शेवटी केंद्र सरकार किंवा राज्यातलं प्राधिकरण ठरवतं.

म्हणून अनेकदा ओडिशातल्या नियमगिरीचं उदाहरण देताना गल्लत होते. तिथे २०१३ मध्ये १२ ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला एकमुखाने नकार दिला आणि खाण झाली नाही. पण ती जनसुनावणी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने वनहक्क कायद्याच्या आधारे आदिवासींच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला होता. ग्रामसभेत निर्णय होतो, जनसुनावणीत मत नोंदवलं जातं.

मग बोलून उपयोग काय?

गोव्यातल्या एका लोहखनिज खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये याचं उत्तर दिलं. सुनावणीत आलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने विचार केल्याचं दिसलं पाहिजे आणि त्या फेटाळायच्या असतील तर कारणं दिली पाहिजेत, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. म्हणजे नोंदवलेली हरकत नुसती फाइलमध्ये पडून राहता कामा नये. मंजुरीला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात आव्हान देताना हीच नोंद हाताशी असते.

'आम्हाला प्रकल्प नको' ही घोषणा टाळ्या मिळवते. पण 'अहवालात आमच्या गावातल्या विहिरींचा उल्लेखच नाही' या वाक्याला कंपनीला उत्तर द्यावं लागतं.

हा हक्क कमी होऊ शकतो का?

२०२० मध्ये केंद्राने नव्या अधिसूचनेचा मसुदा आणला. त्यात लोकांना मिळणारे ३० दिवस २० वर आणण्याचा प्रस्ताव होता. टाळेबंदीत रस्त्यावर उतरता येत नव्हतं, तेव्हा सोशल मीडियावरून मोहीम चालली आणि लाखो हरकती ईमेलने गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा २२ भारतीय भाषांत उपलब्ध करून देण्यास सांगितलं. तो मसुदा अंतिम झाला नाही. २००६ चे ३० दिवस त्यामुळे टिकून आहेत.

महाराष्ट्रातल्या सुनावण्यांच्या सूचना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर येतात. गावच्या ग्रुपवर एखादी सूचना आली, तर आधी तारीख पाहावी आणि मग मराठी सारांश मागवावा. तो मिळाला नाही, तर तीच पहिली लेखी हरकत ठरते.