दोन मिलिसेकंदांचा माग
सप्टेंबर २०२४ मध्ये, लिनक्सला रिअल-टाइम करणारं प्रीएम्प्ट-आरटी मुख्य कर्नलमध्ये गेलं आणि नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ मधून सगळ्यांच्या हाती पडलं. टॉमस ग्लाइक्सनर, इंगो मोलनार, स्टीव्हन रॉस्टेट आणि त्यांच्या सोबत्यांनी वीस वर्षं हे काम वेगळ्या पॅचच्या रूपात जपलं होतं. ते मुख्य कर्नलमध्ये गेल्याचं कळलं, त्या संध्याकाळी मी घरी पेढे नेले. गेल्या महिन्यात आमच्या लॅबमधला ऑसिलोस्कोप भंगारात गेला. ‘सर, आता आरटी आहे ना, मग मोजायचं कशाला?’ असं विचारणारा मुलगा हुशार आहे. राग त्याच्यावर नाही. मोजणं ही जुन्या लोकांची सवय आहे असं त्याला वाटावं, इतपत आम्हीच ते सोडून दिलं, याचा राग आहे.

२.४ कर्नलच्या दिवसांबद्दल मला फारसं सांगायचं नाही. कर्नल स्वतःच्या कामात गुंतलं की बाकीच्यांनी थांबायचं, एवढाच तो काळ. २.६ मध्ये कर्नललाही मधेच थांबवता येऊ लागलं. माझं दशक त्यानंतरचं. २००८ मध्ये २.६.२७ सोबत एफट्रेस आलं आणि कर्नलच्या आत दिवा लागला. कोणतं फंक्शन कधी चाललं, इंटरप्ट कुणी बंद केले, किती वेळ बंद ठेवले, हे डोळ्यांनी दिसू लागलं.

२०११ साली भोसरीतल्या एका पॅकिंग मशीनवर वजनाचा आकडा पाळीत दोन-तीनदा चुकायचा. एआरएमचं छोटं कार्ड, एकच कोअर, २.६.३२ कर्नल, वजनकाट्याकडून ११५२०० बॉडने येणारा सिरीयल डेटा. या वेगाने एक बाइट साधारण ८७ मायक्रोसेकंदांत येतो आणि पोर्टच्या पोटात जागा १६ बाइटची. म्हणजे प्रोसेसरने जेमतेम १.४ मिलिसेकंद पाठ फिरवली की पुढचा बाइट सांडला. पोर्टच्या नोंदीत ओव्हररनचा आकडा वाढत होता, म्हणजे सांडत होतं हे नक्की. पाठ कोण फिरवत होतं, ते कळत नव्हतं.

कार्डाच्या पुरवठादाराने दोन ओळींत उत्तर दिलं: लिनक्स रिअल-टाइम नाही, दुसरी सिस्टिम वापरा. ते वाक्य मला आजही बोचतं. ज्याने ड्रायव्हर लिहिला, त्यानेच दोष कर्नलवर ढकलला आणि आमच्या मालकांनी त्यावर विश्वास ठेवून पुढच्या मशीनसाठी वेगळ्या कंट्रोलरचा खर्च मंजूर केला.

धागा दिला तो रात्रपाळीच्या मामांनी. ‘साहेब, बॅच बदलायला स्क्रीनला बोट लावलं की होतंय बघा.’ आठ दिवस आम्ही सिरीयलच्याच ड्रायव्हरमध्ये डोकं घालून बसलो होतो. मामांनी तीन रात्री नुसतं लक्ष ठेवलं होतं. कर्नल पुन्हा कंपाइल करून एफट्रेसचा आयआरक्यूज-ऑफ ट्रेसर चालू केला. मामा स्क्रीन दाबत राहिले. इंटरप्ट बंद राहिल्याचा सर्वांत मोठा आकडा २१०० मायक्रोसेकंदांच्या वर गेला आणि खाली फंक्शनचं नाव आलं: टचस्क्रीनचा ड्रायव्हर. आत स्पिनलॉक घेऊन, इंटरप्ट बंद करून, एमडीले दोन. बोटाचं रीडिंग स्थिरावेपर्यंत दोन मिलिसेकंद प्रोसेसर जागच्या जागी गरगर फिरत होता आणि दाराशी वजनाचे बाइट ताटकळत होते. माझ्या तेव्हाच्या सरांनी एक जीपीआयओ पिन त्या फंक्शनच्या सुरुवातीला वर, शेवटी खाली केली आणि स्कोपवर ताडून पाहिलं. पडद्यावरची ती चौकोनी लाट मला अजून जशीच्या तशी दिसते. थ्रेडेड इंटरप्ट २.६.३० पासून होतेच. वाट पाहणं लॉकच्या बाहेर, थ्रेडमध्ये नेलं, एमडीलेच्या जागी एमस्लीप घातलं. आकडा पुन्हा चुकला नाही. पुरवठादाराला पॅच पाठवला. पुढच्या दोन आवृत्त्यांत ती ओळ होती तशीच होती.

त्या वर्षांत उशीर मोजणारं सायक्लिकटेस्ट रात्रभर चालायचं, तेही नेटवर्क, फ्लॅश आणि स्क्रीनवर भरपूर लोड टाकून. सरासरीकडे कुणी बघायचं नाही, कारण माल बिघडतो तो सर्वांत वाईट क्षणाला. आता रिकाम्या कार्डावर पाच मिनिटं चालवून पास लिहितात. तेही साधनं वाढलेली असताना. डॅनिएल ब्रिस्टॉट दे ओलिवेरा यांचे ओएसनॉइज आणि टायमरलॅट हे ट्रेसर २०२१ मध्ये ५.१४ सोबत आले. उशिरातला किती वाटा इंटरप्टचा, किती दुसऱ्या थ्रेडचा, हे ते वेगळं करून दाखवतात. आम्हाला २०११ मध्ये ते मिळते तर आठ दिवस वाचले असते. आरटी मुख्य कर्नलमध्ये गेलेलं पाहायला ब्रिस्टॉट राहिले नाहीत. जून २०२४ मध्ये, तीनच महिने आधी, ते गेले.

त्या मुलाच्या कार्डावर ६.१२ आहे, आरटी चालू आहे, ॲप्लिकेशनची प्रायॉरिटी ८०. तरी सिरीयलचा डेटा मधूनच उशिरा येतो. आम्ही दोघं शेजारी बसलो आणि त्याला ट्रेस घ्यायला लावला. आरटीमध्ये इंटरप्टचं काम थ्रेड करतात आणि ते सगळे मुळात प्रायॉरिटी ५० वर, फिफो रांगेत. बरोबरीचे एकमेकांना बाजूला सारत नाहीत. टचस्क्रीनचा थ्रेड एमडीलेमध्ये फिरत होता, त्याच कोअरवर सिरीयलचा थ्रेड मागे उभा होता आणि ८० वाला ॲप्लिकेशन त्या सिरीयलच्या थ्रेडची वाट बघत होता. मुलगा बराच वेळ त्या ओळींकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच सिरीयलचा थ्रेड सीएचआरटीने वर नेला आणि लोड टाकून रात्रभराची चाचणी लावली.

ड्रायव्हर दुसऱ्या पुरवठादाराचा आहे. एमडीलेची ओळ त्याला मी सोमवारी कळवली, सोबत ट्रेस जोडला. अजून उत्तर नाही.