सहाव्या महिन्यातलं गोड पाणी

बार्शीटाकळीत डोहाळजेवणाचा बेत ठरेपर्यंत पोटातलं बाळ आईचा आवाज ऐकू लागलेलं असतं. चोविसाव्या आठवड्यात त्याचं वजन जेमतेम 600 ग्रॅम. याच सुमारास वारेतली संप्रेरकं इन्सुलिनचा जोर कमी करतात. म्हणून 24 ते 28 आठवड्यांत साखर तपासायची: 300 मिलिलिटर पाण्यात 75 ग्रॅम ग्लुकोज, उपाशी राहायची गरज नाही. दोन तासांनी साखर 140 किंवा वर भरली, तर तो गरोदरपणातला मधुमेह.

2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. मात्र रक्त गेलं, हालचाल मंदावली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर 9 तारखेची वाट पाहायची नाही. लगेच दवाखाना गाठायचा.